हार्डी जिरेनियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिरेनियमबद्दल जे प्रश्न येतात, त्यांतले बरेचसे दुसऱ्याच झाडाबद्दल असतात. घरात असतं एक, लेबलवर लिहिलेलं असतं दुसरं आणि सल्ला मिळतो तिसऱ्याचा. म्हणून पहिले दोन प्रश्न सगळ्यांनीच वाचावेत, बाकीचे लागतील तसे. तेच तेच दोनदा यायला नको म्हणून उत्तरांत जागोजागी दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

1. हार्डी जिरेनियम म्हणजे खिडकीतल्या कुंडीत लाल फुलांचे गुच्छ येतात तेच ना?

नाही. ते पेलार्गोनियम. दोघं एकाच कुळातली, चुलत भावंडं म्हणा, पण स्वभाव अगदी वेगळे. 1753 मध्ये लिनियसनं दोघांनाही जिरेनियम या एकाच प्रजातीत घातलं. 1789 मध्ये लेरित्ये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण तोवर जुनं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं आणि ते आजतागायत सुटलेलं नाही.

पेलार्गोनियम मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतलं. त्याला गोठवणारी थंडी सोसत नाही. खरं जिरेनियम हिमालय, कॉकेशस, आल्प्स, युरोपातली कुरणं, उत्तर अमेरिकेतली रानं अशा थंड मुलखांतलं. त्याच्या चारशेहून जास्त जाती आहेत. बागेत लावतात त्यांतल्या बहुतेक बहुवर्षायू असतात: हिवाळ्यात वरचा पाला वाळून जातो, मुळं जमिनीत जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात.

नावांत मात्र तिन्ही भावंडांनी पक्षी वाटून घेतले आहेत. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच, 'पेलार्गोस' म्हणजे बलाक, आणि तिसरं भावंड एरोडियम, ते बगळ्यावरून. कारण एकच: फूल गळल्यावर राहणारं चोचीसारखं लांब फळ. त्या चोचीची करामत प्रश्न 14 मध्ये आहे.

2. रोप हातात आहे, लेबल नाही. दोघांतलं कोणतं हे कसं ओळखू?

आधी खोड चाचपून बघा. पेलार्गोनियमचं खोड जाड, मांसल, जुनं झालं की खाली लाकडासारखं टणक. हार्डी जिरेनियमचे दांडे बारीक, पेरांशी थोडे फुगलेले, आणि पानं बहुधा हाताच्या बोटांसारखी खोल कातरलेली. पेलार्गोनियमचं नेहमीचं पान गोलसर, जाडसर, पुष्कळदा मधोमध गडद कड्यासारखा पट्टा असलेलं.

फूल असेल तर काम सोपं. हार्डी जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन एकीकडे, खालच्या तीन दुसरीकडे. बागेतल्या संकरित पेलार्गोनियममध्ये हा फरक पुसट झालेला असतो, तेव्हा शेवटचा उपाय: फुलाच्या अगदी मागे देठ ब्लेडनं आडवा कापा आणि भिंगातून पाहा. पेलार्गोनियम असेल तर देठातच एक बारीक पोकळ नळी दिसेल. ती मधाची नळी. जिरेनियममध्ये ती नसते.

3. 'हार्डी' म्हणजे कशाला हार्डी? उष्ण हवेत येईल का?

थंडीला हार्डी. सँग्विनियम किंवा मॅक्रोराइझमसारख्या जाती उणे 20 अंश सेल्सिअसच्या खालीही मुळांनिशी तगतात. या शब्दाचा उन्हाळ्याशी काही संबंध नाही आणि गैरसमज नेमका तिथेच होतो.

जिथे हिवाळा नावापुरता असतो आणि रात्रीही हवा गरम, दमट राहते, तिथे ही झाडं कुढतात. पहिल्या वर्षी बरी वाटतात, मग गड्डा कुजायला लागतो. अशा ठिकाणी मी कुणाला हार्डी जिरेनियम घ्या म्हणत नाही, पेलार्गोनियमच बरं. उन्हाळा कडक पण हवा कोरडी आणि हिवाळा थंड, असं असेल तर सँग्विनियम लावून पाहायला हरकत नाही. थंड डोंगराळ भागात तर प्रश्नच नाही. यांतल्या कितीतरी जाती मुळात डोंगरातल्याच.

4. पहिल्यांदाच लावतोय. एकच सुचवा.

जागा सांगितल्याशिवाय एक नाव देणं म्हणजे पाऊल न मोजता चप्पल घेणं. तरी हट्टच असेल तर कँटाब्रिजियन्स गटातलं 'बियोकोवो'. वीतभर उंच, पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेलं फूल, दाट गालिचा, आणि शरदात काही पानं लाल. मॅक्रोराइझम आणि डाल्मॅटिकम यांचा हा संकर क्रोएशियातल्या बियोकोवो पर्वतात आपोआप झालेला सापडला. गटाचं नाव मात्र केंब्रिजवरून, कारण तिथे तोच संकर स्वतंत्रपणे घडवला गेला. बी धरत नाही, त्यामुळे नको तिथे उगवत नाही. ऊन, अर्धी सावली, थोडी कोरडी माती, काहीही चालवून घेतं.

सगळे 'रोझान' मागतात. ते उत्तम आहेच, पण त्याच्या सवयी आधी समजून घ्या (प्रश्न 11 आणि 17).

5. ऊन हवं की सावली?

दोन्ही. म्हणजे एकाच रोपाला नव्हे, वेगवेगळ्या जातींना. या झाडाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही: जिरेनियमची निगा फारशी नसते, निवड असते. जात जागेला जुळली की पुढची वर्षानुवर्षं काम फक्त कात्रीचं.

भर उन्हात, निचऱ्याच्या, काहीशा हलक्या मातीत सँग्विनियम. फूल गडद किरमिजी, झाड बुटकं, आणि एकदा रुजलं की पाण्यासाठी रडत नाही. करड्या, मऊ, सुरकुतलेल्या पानांचं रेनार्डी हेही उन्हातलंच. त्याच्या फिक्या पाकळ्यांवर जांभळ्या रेघा असतात, पण मी ते पानांसाठीच लावतो. सिनेरियम गटातली 'बॅलरिना'सारखी चिमुकली झाडं खडकाळ वाफ्यासाठी. त्यांना ओलसर हिवाळा थंडीपेक्षा जास्त मारतो.

अर्ध्या दिवसाचं ऊन आणि ओल धरणारी माती असेल तर सगळ्यात मोठी निवड तुमच्यापुढे आहे: प्रॅटेन्स, हिमालयेन्स, या दोघांचा संकर 'जॉन्सन्स ब्लू', ऑक्सोनियनमचे गुलाबी प्रकार, आणि सायलोस्टेमन. सायलोस्टेमन म्हणजे या घराण्यातला दांडगा. कमरेच्या वर जातो, भडक किरमिजी फूल आणि मधोमध काळा डोळा. शेजारी फिकट काही लावलं तर ते बिचारं दिसतच नाही.

सावलीत फीयम आणि सिल्व्हॅटिकम. फीयमचं फूल इतकं गडद तपकिरी-जांभळं की इंग्रजीत त्याला शोकातली विधवा म्हणतात. लांबून ते दिसतही नाही. वाटेच्या कडेला, डोळ्यांसमोर येईल असं लावा. झाडाखालच्या कोरड्या सावलीचा मामला वेगळा, तो पुढच्या प्रश्नात.

6. मोठ्या झाडाखाली काहीच जगत नाही. तिथे जिरेनियम येईल?

मॅक्रोराइझम येईल. मोठ्या झाडाची मुळं सगळं पाणी ओढून घेतात, वर सावली, त्यामुळे तिथे भलेभले हरतात. मॅक्रोराइझमचे जाड आडवे दांडे जमिनीसरशी सरकत जातात आणि पाण्याशिवाय बराच काळ काढतात. पानं दाट असल्यामुळे तणालाही जागा उरत नाही. पान चुरगळलं की चिकट, उग्र वास येतो. काहींना तो आवडतो, काहींना अजिबात नाही.

पण एक अट. पहिला पूर्ण उन्हाळा पाणी द्यावंच लागेल. 'कोरड्या सावलीत चालतं' हे वाक्य रुजलेल्या झाडाबद्दल आहे, काल लावलेल्या रोपाबद्दल नाही. लावताना झाडाची जाड मुळं तोडत बसू नका. दोन मुळांमधले खिसे शोधा, त्यात मूठभर कंपोस्ट टाका आणि लहान रोपं लावा. मोठ्या रोपांपेक्षा ती लवकर जम धरतात.

7. कधी लावायचं, किती अंतरावर, कशा मातीत?

वसंतात किंवा शरदाच्या सुरुवातीला. शरदात माती अजून कोमट असते आणि मुळं हिवाळ्याआधी पाय रोवतात. चिकणमाती फार ओली राहत असेल तर वसंतापर्यंत थांबा.

अंतर बुटक्यांसाठी 30 सेंटीमीटर, मध्यमांसाठी 45, सायलोस्टेमनसारख्या दांडग्यांना 75 ते 90. पहिल्या वर्षी मधली माती उघडी दिसते आणि आपण अधीर होऊन आणखी दोन रोपं घुसवतो. घुसवू नका. त्याऐवजी पालापाचोळ्याचं आच्छादन पसरा, फक्त ते गड्ड्याला टेकवू नका.

माती किंचित आम्ल ते किंचित अल्कधर्मी, कशीही चालते. पाणी साचता कामा नये, एवढंच. रोप कुंडीत जितकं खोल होतं तितकंच जमिनीत. अपवाद मॅक्रोराइझम: त्याचे उघडे लांबट दांडे मातीत खोल पुरले तरी ते उलट खूश होऊन जास्त मुळं धरतं.

8. पाणी आणि खत किती?

पहिल्या वर्षी माती बोटभर खोल कोरडी झाली की पोटभर पाणी. रोज शिंपडून उपयोग नाही. दुसऱ्या वर्षापासून फक्त लांब कोरड पडली तर. खत म्हणाल तर वसंतात दोन मुठी कंपोस्ट किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, बस्स. नत्र जास्त झालं की पाला माजतो, दांडे लुसलुशीत होतात आणि पहिल्या जोरदार पावसात सगळं आडवं. 'एवढं खत घालतो तरी फुलत नाही' असं सांगणाऱ्यांना मी खत थांबवायला सांगतो.

9. कुंडीत चालेल का?

चालेल, पण कुंडी हात राखून घेऊ नका. 'रोझान'ला निदान 35-40 सेंटीमीटर तोंडाची आणि तितकीच खोल कुंडी लागते. ते कडेवरून खाली छान ओघळतं. डाल्मॅटिकम किंवा सिनेरियम गट उथळ पसरट कुंडीत शोभतो. मातीत एक तृतीयांश बारीक खडी मिसळा. प्रॅटेन्ससारखी उंच, खोल मुळांची जात कुंडीत चिडचिडी होते.

कुंडीतल्या झाडाला पाणी अर्थातच जास्त लागतं, दोन-तीन वर्षांनी माती बदलावी लागते, आणि सोंड्या भुंग्याचा धोका कुंडीतच जास्त (प्रश्न 16).

10. फुलून झाल्यावर झुडूप मधोमध फाकलं आणि चारी बाजूंना लोळतंय. आता काय?

कापा. सगळं.

हे वाचून बहुतेक जण दोन वाळकी फुलं खुडतात आणि समाधान मानतात. तसं नाही. पहिला बहर ओसरला की प्रॅटेन्स, हिमालयेन्स, ऑक्सोनियनम, फीयम, सायलोस्टेमन यांचा हिरवा पालासुद्धा जमिनीपासून चार बोटं ठेवून सरळ छाटून टाकायचा. मूठभर दांडे एका हातात धरायचे, वेणी धरतात तसे, आणि दुसऱ्या हातानं कात्री चालवायची. मध्यभागी नीट पाहिलंत तर नवे पोपटी फुटवे, अजून घडी न उलगडलेल्या पानांचे, आधीच तयार दिसतील. त्यांनाच ऊन मिळवून द्यायचंय. नंतर भरपूर पाणी. दोन-तीन आठवड्यांत ताज्या पानांचा गोल गुबगुबीत ढीग तयार होतो.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. आता बागेतलं सगळ्यात आवडतं काम आहे.

कुणाला असं कापू नये? मॅक्रोराइझम आणि बियोकोवोचे फक्त फुलांचे दांडे काढा. रेनार्डी आणि सिनेरियम गटाला कात्री लावू नका, वाळकी पानं हातानं वेचा. सँग्विनियम फार पसरलं तर वरवर कातरा.

11. 'रोझान'चं एवढं कौतुक का? आणि 'जॉली बी' वेगळं आहे का?

कौतुक फुलण्याच्या चिवटपणाचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला लागलेलं फूल पहिल्या कडाक्यापर्यंत थांबत नाही. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात डोनाल्ड आणि रोझान वॉटरर या दांपत्याच्या बागेत हे आढळलं. हिमालयेन्स आणि वॉलिचियानम 'बक्स्टन्स व्हरायटी' यांचा संकर. म्हणजे आई-बाप दोघंही हिमालयाकडचे. 2000 साली ते बाजारात आलं, 2008 मध्ये अमेरिकेतल्या बहुवर्षायू वनस्पती संघटनेनं वर्षाचं रोप म्हणून निवडलं, आणि 2013 मध्ये चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीत शतकातलं रोप म्हणून त्यालाच कौल मिळाला. 'जॉली बी' या नावानं विकलं जाणारं रोप आता तेच मानलं जातं. दोन्ही घेण्यात अर्थ नाही.

बी धरण्यात शक्ती जात नाही, हे इतकं फुलण्याचं एक कारण. दुसरी बाजू अशी की ते एकाच गड्ड्यातून निघतं आणि लांब दांडे शेजाऱ्यांच्या अंगावर टाकत दोन-तीन फूट फिरतं. गुलाबाच्या उघड्या पायाशी हे फार छान दिसतं. नाजूक शेजाऱ्याला मात्र ते गाडून टाकतं. उन्हाळ्याच्या मध्यावर अर्धं कापलं तरी पुन्हा फुलतं.

12. छाटलं, पाणी दिलं, पानं आली, पण दुसरा बहर नाही. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. सिल्व्हॅटिकम, रेनार्डी, मॅक्रोराइझम ही मुळात एकदा फुलणारी. पुढे एखाददुसरं फूल आलं तर नशीब. प्रॅटेन्स, हिमालयेन्स आणि 'जॉन्सन्स ब्लू' दुसरा बहर देतात, पण पहिल्यापेक्षा विरळ. छाटणीला उशीर झाला किंवा नंतर माती कोरडी पडली तर तोही नाही. पहिल्यापासूनच फूल कमी असेल तर सावली जास्त, नत्र जास्त (प्रश्न 8) किंवा गड्डा म्हातारा (प्रश्न 13), या क्रमानं तपासा.

13. एकाची दोन रोपं कशी करायची?

गड्डा खणून, वाटून. तीन ते पाच वर्षांनी मधला भाग लाकडासारखा होतो आणि फुटवे फक्त कडेनं येतात, तीच वेळ. वसंतात फुटवे दिसू लागले की किंवा शरदात पूर्ण गड्डा उचला, माती झटका आणि हातानं उकला. नाही उकलला तर जुनी सुरी. प्रत्येक तुकड्याला मुळं आणि निदान दोन-तीन डोळे हवेत. मधला लाकडी गाभा फेकून द्या. जीव अडकतो, पण द्या.

मॅक्रोराइझमला खणायचंही कारण नाही. कडेचा दांडा ओढून काढा, ओल्या मातीत अर्धा पुरा, झालं. 'रोझान' आणि 'ॲन फोकार्ड' यांचा गड्डा मात्र नीट वाटला जात नाही. त्यांच्या बुडाशी येणारे बोटभर कोवळे फुटवे वसंतात तळाशी कापून वाळूमिश्रित मातीत खोचा. सगळे जगत नाहीत. चारातले दोन जगले तरी पुरे.

14. बिया गोळा करायला जातो तेव्हा चोच रिकामीच असते. बिया जातात कुठे?

उडून. फळाच्या बुडाशी पाच छोट्या वाट्या असतात, प्रत्येकीत एक बी, आणि प्रत्येक वाटीला चोचीच्या टोकापर्यंत जाणारी एक पट्टी जोडलेली. चोच वाळते तशी या पट्ट्यांत ओढ भरत जाते. शेवटी वाटी बुडापासून सुटते, पट्टी झटक्यात वर वळते आणि बी गोफणीतल्या दगडासारखं भिरकावलं जातं, काही जातींत चांगलं काही मीटर. नंतर रिकामी चोच पाहिलीत तर पाच वळलेल्या मिशा वर राहिलेल्या दिसतात, झुंबरासारख्या.

एकदा प्रॅटेन्सच्या पिकत आलेल्या चोची ताटलीत घालून टेबलावर ठेवल्या होत्या. दुपारभर टिक्, टिक् असा आवाज येत राहिला. घड्याळ बिघडलंय असं वाटलं. संध्याकाळी ताटलीत मोजून चार बिया होत्या आणि उरलेल्या पुढे आठवडाभर केरसुणीला सापडत होत्या.

तेव्हा चोच हिरवीची तपकिरी होऊ लागली आणि वाट्या गडद झाल्या की लगेच खुडा आणि तोंड बंद केलेल्या कागदी पिशवीत ठेवा. बियांचं कवच टणक असतं; पेरण्याआधी बारीक सँडपेपरवर हलकेच घासा किंवा शरदात ट्रेमध्ये पेरून हिवाळाभर बाहेर ठेवा. उगवण एका दमात होत नाही. आज दोन, महिन्याभरानं पाच, आणि काही थेट पुढच्या वसंतात. ट्रे लवकर फेकू नका.

आणि हो, 'रोझान', 'बियोकोवो' यांच्या बियांची वाट पाहू नका. नसतात.

15. निळं म्हणून घेतलं, फुललं जांभळं. शिवाय बियांपासून आलेलं रोप तिसऱ्याच रंगाचं. फसवणूक?

पहिल्या तक्रारीत थोडा दोष कॅमेऱ्याचा. जिरेनियममध्ये शुद्ध निळा रंग नाहीच. सगळे निळे थोडे जांभळट असतात. ढगाळ सकाळी किंवा संध्याकाळच्या उजेडात तेच फूल निळं दिसतं, टळटळीत दुपारी जांभळं. उन्हाळा तापला की 'रोझान'चा रंगही फिकट, जांभळसर होतो आणि हवा निवली की परत येतो.

दुसऱ्यात कुणाचाच दोष नाही. या जाती एकमेकींशी सहज संकर करतात आणि बियांतून आलेलं रोप आईसारखं निघेलच असं नाही. नावाचा प्रकार हवा असेल तर विभागणी किंवा छाट कलम. बियांची रोपं फुलेपर्यंत थांबा, मग ठरवा. माझ्याकडचं एक फिकट करडं-निळं प्रॅटेन्स असंच फटीत उगवलेलं आहे आणि विकत घेतलेल्या कुठल्याही झाडाला ते मी देणार नाही.

16. पानांवर पांढरी भुकटी, छिद्रं, किंवा धडधाकट झाड अचानक मलूल. कशाला घाबरायचं?

फक्त तिसऱ्याला.

पांढरी भुकटी म्हणजे भुरी. प्रॅटेन्सला उन्हाळ्याच्या शेवटी, माती कोरडी आणि हवा कोंदट असली की येते. फवारणीच्या मागे लागू नका. प्रश्न 10 प्रमाणे छाटा, पाणी द्या, नवी पानं स्वच्छ येतात. नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या असतील तर तांबेरा. ती पानं तोडून बागेबाहेर. छिद्रं करणारी लहान करडी-हिरवी अळी पानाच्या खालच्या बाजूला सापडते. दिसायला वाईट, पण झाड मरत नाही. वसंतातल्या कोवळ्या फुटव्यांवर गोगलगायी येतात, त्या रात्री टॉर्च घेऊन वेचा.

माती ओली आहे, तरी झाड मान टाकतंय, आणि हलकेच ओढलं तर गड्डा अख्खा हातात येतोय, मुळंच नाहीत: हे सोंड्या भुंग्याच्या अळ्यांचं काम. पांढरट, वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या, बिनपायांच्या अळ्या मातीत सापडतील. पानांच्या कडांना अर्धगोल चावे दिसत असतील तर मोठा भुंगाही आसपास आहे. कुंडीची सगळी माती काढून टाका, उरलेला गड्डा धुऊन नव्या मातीत लावा. डोळे शाबूत असतील तर पुन्हा मुळं धरतो. माती कोमट आणि ओलसर असताना या अळ्या मारणारे सूत्रकृमी पाण्यातून देता येतात आणि ते चांगलं काम करतात.

17. हिवाळ्यात सगळं गायब झालं. मेलं का?

नाही. बहुतेकांचा पाला जातोच. मॅक्रोराइझम आणि बियोकोवोची थोडी पानं टिकतात. वाळका पाला हिवाळाभर राहू द्या, गड्ड्याला पांघरूण होतं. वसंताआधी काढा.

उशिरा उठणारे ओळखून ठेवा. वॉलिचियानम आणि 'रोझान' बाकीच्यांची पानं वीतभर झाली तरी जमिनीखालीच असतात. माझं पहिलं 'रोझान' मी मेलं समजून खणलं, आणि कुदळीच्या पात्यावर दोन गुलाबी फुटवे अर्धे कापलेले आले. तेव्हापासून प्रत्येक गड्ड्याशेजारी खुणेची काडी असते.

ट्यूबरोझम याच्या उलट चालतं. वसंतात फुलतं आणि उन्हाळ्यात पानांसकट जमिनीत जातं. ती त्याची झोप आहे. पाणी ओतून उठवायला जाऊ नका, कंद कुजतो.

18. फार पसरतंय. आवरायचं कसं?

आधी कसं पसरतंय ते पाहा. मुळांनी पसरत असेल (मॅक्रोराइझम, सँग्विनियम) तर वर्षातून एकदा कडेनं कुदळ मारून जादा भाग उचला. दांडे जिथे टेकतील तिथे मुळं धरत असतील तर ते प्रोकरेन्स, आणि छोट्या बागेत ते लावणं ही चूकच. बियांनी पसरत असेल (ऑक्सोनियनम, फीयम, पिरेनाइकम) तर चोची पिकायच्या आत छाटणी, म्हणजे पुन्हा प्रश्न 10.

लालसर केसाळ दांडे, फर्नसारखी पानं, चिमुकली गुलाबी फुलं आणि चुरगळल्यावर घाण वास, असं काही न लावता उगवलं असेल तर ते रॉबर्टियानम. हेही जिरेनियमच, पण वर्ष-दोन वर्षांचं तण. मुळं वरवर असतात, ओढलं की येतं.

19. मधमाश्यांना उपयोगी आहे का?

फार. निम्म्या बागा मी याच कारणासाठी यांनी भरेन. पाकळीवरच्या रेघा नीट पाहा, सगळ्या मधोमध जातात, जिथे मध आहे तिथे. पाकळीच्या बुडाशी मऊ केस असतात. 1787 मध्ये श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाला सिल्व्हॅटिकमच्या फुलात हे केस दिसले आणि त्यानं विचारलं, हे कशासाठी? मधात पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून, असं त्यानं ताडलं, आणि फुलं-कीटकांच्या नात्याचा त्याचा सगळा अभ्यास तिथून सुरू झाला.

एकाच झाडावरची दोन फुलं शेजारी धरून पाहा. ताज्या फुलात पुंकेसर पराग घेऊन उभे, मधली दांडी मिटलेली. जुन्या फुलात परागकोश गळून गेलेले आणि मधोमध पाच फाट्यांचा छोटा तारा उघडलेला. आधी द्यायचं, मग घ्यायचं, अशी सोय. म्हणून स्वतःचेच पराग सहसा स्वतःला लागत नाहीत.

20. मांजर पानं चावतं. विषारी आहे का? आणि जिरेनियमचं तेल यातूनच काढतात का?

दोन्ही प्रश्नांची मेख एकच, प्रश्न 1 मधली नावाची. कुत्र्या-मांजरांना बाधणाऱ्या झाडांच्या यादीत जे 'जिरेनियम' असतं ते पेलार्गोनियम. खरं जिरेनियम विषारी समजलं जात नाही. बाजारातलं सुगंधी जिरेनियम तेलही पेलार्गोनियमचंच, मुख्यतः ग्रॅव्हिओलन्स आणि त्याच्या संकरांचं. डास पळवणारं म्हणून विकतात ते रोपही त्याच गोतावळ्यातलं. खऱ्या जिरेनियमपैकी मॅक्रोराइझमचं तेल बल्गेरियात काढतात. तिथे या झाडाला 'झ्द्रावेत्स' म्हणतात, 'आरोग्य' या अर्थाच्या शब्दावरून.

21. 'बहुवर्षायू' सांगून दिलेलं झाड एकदाच धो धो फुललं आणि मेलं. असं कसं?

पानं फर्नसारखी प्रचंड, जाड खोड आणि वर गुलाबी फुलांचा हातभर घुमट, असं होतं का? मग ते मडेरेन्स, मडेरा बेटावरचं. हार्डी नाहीच, कडाक्याच्या थंडीत जातं. दोन-तीन वर्षं पानं वाढवतं, एकदा फुलतं आणि बहुधा मरतं. निगेत चूक नव्हती. मात्र जाताना ते भरपूर बी टाकतं, त्यामुळे त्या जागी इतक्यात दुसरं काही लावू नका.

यातलं एखादं पिलू जगवलंत तर एक सांभाळा. खालची पानं वाळली की त्यांचे लांब देठ खाली वाकून जमिनीला टेकतात. ते कुरूप दिसतात आणि हात शिवशिवतो, पण कापू नका. तो जड डोलारा त्याच टेकूंवर उभा असतो.